‘मैलभर रुंद, इंचभर खोल’ : एका उक्तीचा इतिहास आणि तिचा मराठीतील योग्य वापर

एखाद्या लेखनात खोली नाही, असे म्हणावयाचे झाल्यास मराठी समीक्षकापाशी शब्दांची वाण नाही. उथळ, वरवरचे, सवंग, थिल्लर, पोकळ, पल्लवग्राही अशी विशेषणे त्याच्या हाताशी असतात. म्हणींचा साठाही विपुल आहे. तथापि गेल्या काही दशकांत इंग्रजी वाचनाच्या संस्कारातून आणखी एक उक्ती मराठी लेखनात डोकावू लागली आहे. ‘अ माइल वाइड अँड ॲन इंच डीप’ ही ती उक्ती होय. तिचे भाषांतर कधी शब्दशः केले जाते, तर कधी तिच्या जागी ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही ओळखीची म्हण ठेवली जाते. दोन्ही ठिकाणी पाणी आहे व दोन्ही ठिकाणी उथळपणा आहे, एवढ्यावरून त्या समानार्थी ठरविल्या जातात. वस्तुतः त्या समानार्थी नाहीत. प्रबंधाचे परीक्षण करणाऱ्याने किंवा अभ्यासक्रमाची चिकित्सा करणाऱ्याने एकीच्या जागी दुसरी वापरली, तर तो ज्या दोषाचा आरोप करू इच्छितो त्याहून निराळाच आरोप करून बसतो. आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याला नेमके काय सुधारावयाचे ते कळत नाही. म्हणून या उक्तीचा उगम, तिचा अर्थ आणि मराठीतील तिच्या शेजाऱ्यांशी असलेला तिचा संबंध तपासून पाहणे अगत्याचे आहे. या तपासणीस वांद्रे या एकाच ठिकाणी दोन प्रकारची सामग्री उपलब्ध होते : एक तेथील खाडीच्या व नदीच्या इतिहासात, आणि दुसरी तेथे वसलेल्या भाषाविषयक संस्था व साहित्यिक यांच्या कार्यात.

प्रथम उगमाचा विचार. उक्तीतील नदी काल्पनिक नाही. उत्तर अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतातून वाहत जाऊन मिसूरीस मिळणारी प्लॅट ही ती नदी. तिचे नावच तिच्या स्वरूपाचे वर्णन करते : फ्रेंच भाषेत ‘प्लात’ म्हणजे सपाट, आणि ‘नेब्रास्का’ हे प्रांताचे नावही ‘सपाट पाणी’ या अर्थाच्या तेथील आदिवासी भाषेतील शब्दावरून आले आहे. वाळूच्या बेटांमधून अनेक धारांनी पसरत जाणाऱ्या या नदीच्या काठाकाठाने १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत हजारो स्थलांतरित कुटुंबे बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे गेली. या नदीत नाव चालत नसे. तिचे गढूळ पाणी पिण्यास दाट व नांगरण्यास पातळ, अशी तिची थट्टा केली जाई. मात्र ती ओलांडणे सोपे होते असे नाही. तळाची वाळू गाड्यांची चाके गिळीत असे. उथळ पाणी निर्धोक असते ही समजूत या नदीने अनेकांना सोडावयास लावली.

या लोकप्रचलित वर्णनाला वाङ्मयीन उक्तीचे रूप देण्याचे श्रेय सामान्यतः एडगर विल्सन नाय (१८५०–१८९६) या विनोदी लेखकास दिले जाते. ‘बिल नाय’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने १८८१ साली वायोमिंगमधील लॅरमी या गावी ‘बूमरँग’ नावाचे वृत्तपत्र सुरू केले होते. प्लॅट नदीचे वर्णन करताना त्याने तिला वृत्तपत्राचीच उपमा दिली : तिचा प्रसार मोठा, पण प्रभाव अत्यल्प. काही ठिकाणी ती मैलभर रुंद व पाऊण इंच खोल आहे, असा त्याचा हिशेब होता. पुढे वापरात पाऊण इंचाचा पूर्ण इंच झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उक्तीचा पहिला रोख कोणा व्यक्तीच्या अज्ञानावर किंवा गर्वावर नव्हता. पसारा आणि परिणाम यांच्यातील विषम प्रमाणावर तो होता. एका मैलात ६३,३६० इंच भरतात. रुंदी आणि खोली यांच्यातील हे प्रमाण हाच उक्तीचा प्राण आहे. केवळ ‘इंचभर खोल’ म्हटल्याने तो साधत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या उक्तीला शिक्षणशास्त्रात विशेष स्थान मिळाले. गणित व विज्ञान यांच्या अध्यापनाचा अनेक देशांत जो तौलनिक अभ्यास झाला, त्याच्या आधारे विल्यम श्मिट व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली अमेरिकन अभ्यासक्रमाचे वर्णन याच शब्दांत केले. इतर देशांच्या मानाने अमेरिकन पाठ्यपुस्तकांत विषयांची संख्या फार मोठी असून प्रत्येक विषयास मिळणारा वेळ फार थोडा, हे त्यांचे निरीक्षण होते. २०१० साली तेथे तयार झालेल्या गणिताच्या सामाईक मानकांच्या प्रस्तावनेतही ही उक्ती आढळते. हा वापर मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे. अभ्यासक्रम वाईट आहे, शिक्षक अज्ञानी आहेत किंवा विद्यार्थी मंद आहेत असे तेथे म्हटलेले नाही. विषयसंख्या व वेळ यांचे प्रमाण बिघडले आहे, एवढेच म्हटले आहे. दोष मोजता येतो, म्हणून तो दुरुस्तही करता येतो.

आता मराठीकडे वळू. खोलीचे मापन करण्याची मराठीची जुनी रीत मैल-इंचाची नाही, ती देहाची आहे. पाणी घोट्याएवढे, गुडघाभर, कमरेइतके, गळ्याइतके असते. विहीर इतके पुरुष किंवा परस खोल असते. नदी ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे मोजमाप झालेले आहे. त्यामुळे मराठीच्या व्यवहारात नदीचे उथळ असणे हा मुळात दोष नव्हता. ती एक सोय होती. पावसाळा सरला की नदीला उतार पडतो, ती पायउतार होते, आणि दोन्ही काठांचे दळणवळण पुन्हा सुरू होते. ‘पायउतार होणे’ याचा अधिकारपद सोडणे हा आजचा अर्थ वाहनावरून उतरण्याशी जोडलेला आहे. परंतु नदीच्या संदर्भातील अर्थ ध्यानात घेतला म्हणजे उथळ पाण्याकडे पाहण्याची मराठी शेतकऱ्याची व वाटसरूची दृष्टी स्पष्ट होते. उथळपणा हा निंदेचा विषय झाला तो पाण्याच्या संदर्भात नव्हे, तर माणसाच्या स्वभावाच्या संदर्भात. ‘थिल्लर’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. जुन्या मराठीत लहानशा डबक्याला थिल्लर म्हणत. आज तो शब्द केवळ वर्तनाला व विनोदाला लावला जातो, आणि डबके विस्मृतीत गेले आहे.

उथळ पाणी आणि निर्धोक पाणी यांतील अंतर वांद्र्याच्या इतिहासात ठळकपणे दिसते. वांद्रे आणि माहीम यांच्यामधील खाडी ओहोटीच्या वेळी चिखलाची व तुटपुंज्या पाण्याची असे. तरीही तीवरील नावांचा प्रवास धोक्याचा होता व दुर्घटनांत माणसे दगावत. कंपनी सरकारने खर्चास नकार दिल्यावर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये देऊन हा सेतुमार्ग बांधविला. त्यावर जकात घेऊ नये अशी त्यांची अट होती. १८४५ साली तो वाहतुकीस खुला झाला. त्याच खाडीस मिळणाऱ्या मिठी नदीने पुढे आणखी एक धडा दिला. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यापासून निघणारी ही नदी भराव, गाळ व कचरा यांनी अरुंद आणि उथळ झाली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला, कलिना व वांद्रे पूर्व येथील वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर हाती घेतलेल्या कामाला शासकीय मराठीत ‘रुंदीकरण व खोलीकरण’ असे जोडनाव मिळाले. पात्रातून किती पाणी वाहून जाईल हे केवळ रुंदीवर ठरत नाही, केवळ खोलीवरही नाही. दोहोंचा गुणाकार आणि प्रवाहाचा वेग यांवर ते ठरते. हे जोडनाव अभियंत्यांच्या गरजेतून रूढ झाले; परंतु प्रस्तुत उक्तीचे तर्कशास्त्र त्यात नेमके सामावलेले आहे.

या पार्श्वभूमीवर मराठीतील प्रचलित म्हणी व शब्दप्रयोग तपासले असता, त्यांपैकी प्रत्येकाचा रोख निराळा असल्याचे दिसून येते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीत दोष आवाजाचा आहे. ज्याच्यापाशी थोडे असते तो त्याचे प्रदर्शन अधिक करतो, असे ती सांगते. तेथे रुंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. लहानसा ओहोळही खळखळतो. इंग्रजीत तिचे नाते, शांत वाहणारे पाणी खोल असते या आशयाच्या म्हणीशी आहे, प्लॅट नदीच्या उक्तीशी नव्हे. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ यातील दोष अल्पसंतोषाचा व गर्वाचा आहे. हळद थोडी, रंग मात्र पुरा चढलेला. ‘पल्लवग्राही पांडित्य’ हा संस्कृतातून आलेला प्रयोग पाणी सोडून वृक्षाकडे जातो. अभ्यासक पानापानाला हात लावतो, मुळापर्यंत जात नाही. याच रूपकाची दुसरी बाजू म्हणजे ‘मूलगामी’ हे स्तुतिपर विशेषण. येथे दोष वाचकाच्या किंवा अभ्यासकाच्या वृत्तीचा आहे, कृतीच्या आराखड्याचा नव्हे. ‘सवंग’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वस्त असा असून त्यात दोष किमतीचा आहे. लोकप्रियतेसाठी दर्जा उतरविल्याचा आरोप त्यात गृहीत आहे.

इंग्रजी उक्तीच्या सर्वांत निकट येते ती ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण. विस्तार आणि गुण यांचे विषम प्रमाण येथे स्पष्टपणे मांडलेले आहे : भारा मोठा, पण त्यात धड वस्त्र एकही नाही. तथापि येथेही एक भेद उरतोच. चिंध्या एकमेकींपासून सुट्या असतात. त्यांच्यात सलगता नसते. अनेक कामे हाती घेऊन एकही तडीस न नेणाऱ्या माणसाला ही म्हण लागू पडते. नदीचे तसे नाही. तिच्या पात्रात खंड नाही, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाणी पोहोचलेले आहे. उणीव आहे ती खोलीची. एखादा प्रबंध आठ शतकांच्या वाङ्मयाचा आढावा घेतो, कोठेही खंड पडू देत नाही, प्रत्येक ग्रंथाला दोन परिच्छेद देतो आणि कोणत्याही ग्रंथाविषयी नवे असे काही सांगत नाही. त्याला ‘भाराभर चिंध्या’ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मांडणी सलग आहे. त्याला ‘खळखळाट’ म्हणणे अधिकच अन्यायाचे, कारण लेखकाचा स्वर कदाचित अत्यंत विनम्र असेल. त्याच्याविषयी ‘मैलभर रुंद, इंचभर खोल’ एवढेच म्हणता येईल. आणि ते म्हटल्याबरोबर उपायही सुचेल : काळ कमी करावा किंवा ग्रंथ कमी घ्यावेत. मराठीत या अर्थाची जागा आजवर रिकामी होती, म्हणूनच ही उक्ती केवळ हौसेखातर आलेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

परभाषेतून आलेल्या उक्तीने मराठीत घर करावे काय, हा प्रश्न अर्थातच नवा नाही. बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ पत्रात १८३२ पासून इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व मेजर कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून दोन्ही भाषांच्या शब्दांची समोरासमोर मांडणी करण्याची सवय मराठी गद्याला जडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, ती मराठीच्या तत्कालीन स्थितीची मीमांसा करीतच. इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांचा रोष होता. तरीही इंग्रजी निबंधाचा घाट मराठीत रुजविण्याचे श्रेय त्यांनाच द्यावे लागते. पुढील काळाने या वादाचा निकाल व्यवहाराने लावला. ‘हिमनगाचे टोक’ हा प्रयोग आज मराठीत कोणालाही परका वाटत नाही, महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हिमनग कधी दिसला नसला तरीही. ‘मैलाचा दगड ठरणे’ हाही तसाच इंग्रजीवरून आलेला प्रयोग. १९५६ च्या मानक वजनमापे अधिनियमानंतर मैल व्यवहारातून हळूहळू गेला, पण भाषेतून गेला नाही. यावरून असे दिसते की, उपमानाची वस्तू परकी असणे हा अडथळा नव्हे. उपमेय स्पष्ट असले म्हणजे पुरे. ‘कोसभर रुंद, बोटभर खोल’ असे देशी रूप कोणी सुचवील. ते कानाला गोड लागते, परंतु त्याची निकड नाही.

‘मैलभर’ व ‘इंचभर’ या रूपांत तर मराठीने मूळ उक्तीत नसलेली एक सोय करून घेतली आहे. ‘-भर’ हा प्रत्यय मराठीत दोन छटा व्यक्त करतो. ‘दिवसभर’, ‘गावभर’ यांत तो पूर्णत्व दाखवितो; ‘चिमूटभर’, ‘क्षणभर’ यांत अल्पत्व. एकाच प्रत्ययाने प्रथम विपुलता आणि लगेच तोकडेपणा सुचविला जातो व उक्तीतील विरोध अधिक धारदार होतो. शब्दशः भाषांतर हे नेहमीच निकृष्ट असते, हा समज येथे टिकत नाही. निकृष्ट ठरते ते सदोष समीकरण.

असे समीकरण टाळण्याची जबाबदारी वांद्र्याशी दोन नात्यांनी जोडलेली आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कार्यालय दीर्घकाळ वांद्रे पूर्व येथील शासकीय वसाहतीतील प्रशासकीय इमारतीत राहिले. १९६२ च्या पदनाम कोशापासून त्याने परिभाषेचे जे कोश सिद्ध केले, त्यांचे मूलतत्त्व एका संकल्पनेस एक संज्ञा हे होते. याच परिसरातील ‘साहित्य सहवास’ या साहित्यिकांच्या वसाहतीत विंदा करंदीकर व रमेश तेंडुलकर यांच्यासारखे कवी-प्राध्यापक राहिले. करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७), ‘फाउस्ट’चा पहिला भाग (१९६५) आणि ‘राजा लिअर’ (१९७४) मराठीत आणले. कोशकाराचा मार्ग संज्ञेचा, कवीचा मार्ग लयीचा. परंतु जवळचा शब्द मिळाला म्हणून नेमका शब्द सोडावयाचा नाही, ही शिस्त दोघांनाही पाळावी लागते. समीक्षकाने आणि परीक्षकाने ती पाळू नये असे कारण दिसत नाही.

उक्तीच्या योग्य वापराच्या अटी यावरून निश्चित करता येतात. पहिली अट अशी की, ज्याविषयी ती वापरावयाची त्याला खरोखरच विस्तार असला पाहिजे. दोन पानांच्या टिपणात खोली नसेल, तर ते केवळ उथळ होय. मैलाचा उल्लेख तेथे अस्थानी आहे. दुसरी अट अशी की, खोलीचा अभाव सर्वत्र सारखा असला पाहिजे. एखाद्या प्रकरणात संशोधक तळापर्यंत गेला असेल, तर ग्रंथ असमतोल आहे असे म्हणावे. तिसरी अट अशी की, ती कृतीच्या प्रमाणाविषयी वापरावी, कर्त्याच्या स्वभावाविषयी नव्हे. चौथी व सर्वांत महत्त्वाची अट अशी की, कृतीचे प्रयोजन आधी पाहावे. तोंडओळख करून देणाऱ्या पुस्तिकेने खोल जावे अशी अपेक्षाच नसते, आणि विस्तार म्हणजे उथळपणा असेही नव्हे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या २३ खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’हून अधिक विस्तृत योजना मराठीत त्यापूर्वी झाली नव्हती, तरीही त्याचे पहिले पाच प्रस्तावनाखंड हे स्वतंत्र प्रबंधांच्या योग्यतेचे आहेत. त्यांच्याशी मतभेद होऊ शकतो. त्यांना इंचभर खोल म्हणता येणार नाही.

या अटी केवळ शैलीपुरत्या आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने शालेय शिक्षणातील ओझ्याविषयी अहवाल दिला, तेव्हा दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक जाचक असल्याचे तिने दाखवून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विषयाचा आशय गाभ्यापुरता कमी करण्याचा विचार मांडला. दोन्ही ठिकाणी निदान प्रमाणाचे आहे. असे निदान मराठीत मांडताना ‘शिक्षण उथळ झाले आहे’ असे म्हटले की त्याचे दूषणात रूपांतर होते. शिक्षक दुखावतात, पालक हळहळतात आणि अभ्यासक्रमातील एकही प्रकरण कमी होत नाही. ‘सखोल’ या शब्दाची अवस्था त्याच्या उलट दिशेने तशीच झाली आहे. प्रत्येक चौकशी सखोल, प्रत्येक अभ्यास सखोल, अशी त्याची रूढी पडल्यामुळे तो शब्द आता कशाचीच खोली मोजत नाही.

निंदेचा शब्द ढोबळ झाला की स्तुतीचा शब्दही निरर्थक होतो, आणि मग परीक्षणाच्या अहवालातून संशोधकाच्या हाती काहीच लागत नाही. मराठीत खोलीच्या अभावाचे निदान करणारे शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले आहे : आवाजासाठी खळखळाट, गर्वासाठी हळकुंड, वृत्तीसाठी पल्लव, अपूर्णतेसाठी चिंध्या. त्यांच्या पंक्तीत प्रमाणभंगासाठी परदेशातील एका नदीला जागा द्यावयास हरकत नाही. मात्र तिने इतरांच्या जागेवर बसू नये आणि इतरांनी तिच्या. विद्यापीठीय लेखनात या मर्यादा पाळल्या गेल्या, तर संशोधकाला विषय आखडता घ्यावयाचा की त्याच विषयात अधिक खोल उतरावयाचे, याचा निर्णय परीक्षकाचे एक वाक्य वाचून करता येईल.